नाडी मंदावली, बीपी वाढलं: कारण तुमच्याच औषधांत आहे का, हे कसं शोधावं

माझ्या वडिलांची नाडी एकदा मिनिटाला ४४ ठोक्यांवर आली. चालताना थकवा यायचा, खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बीपीसाठी ते अटेनोलॉल घेत होते, तेही कमी मात्रेत आणि कित्येक वर्षांपासून. सगळे त्या गोळीकडेच बघत होते. खरं कारण मात्र फ्रिजच्या दारात होतं, काचबिंदूसाठी दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या टिमोलॉलच्या थेंबांत. टिमोलॉल हे अटेनोलॉलच्याच जातीचं, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब अश्रूंच्या नलिकेतून नाकात उतरतो, तिथल्या पातळ अस्तरातून थेट रक्तात जातो आणि हृदयापर्यंत पोचतो. डॉक्टरांनी “कोणती औषधं चालू आहेत?” असं विचारलं, तेव्हा आम्ही गोळ्या मोजून दाखवल्या होत्या. थेंबांचा विचारच कुणाच्या मनात आला नाही.

म्हणून हा लेख लिहितो आहे. नाडी आणि रक्तदाब बदलणारं औषध अनेकदा हृदयाचं नसतंच. ते गुडघ्याचं, थायरॉइडचं, प्रोस्टेटचं, दम्याचं किंवा झोपेचं असतं. ते ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. नीट यादी, नीट मोजमाप आणि तारखा एवढं घरी जमलं, तर पुढचा निर्णय डॉक्टर कितीतरी लवकर घेऊ शकतात.

आधी शरीराचं यंत्र समजून घ्या

विश्रांतीत हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर ते जवळपास ५ लिटर होतं. हे रक्त ज्या रक्तवाहिन्यांतून वाहतं त्या आकसलेल्या असतील तर दाब वाढतो, सैल असतील तर उतरतो. म्हणजे औषधाला हात घालायला चार जागा आहेत: ठोक्यांचा वेग, ठोक्याचा जोर, वाहिन्यांचा ताण आणि शरीरातलं एकूण पाणी व मीठ. कुठलंही औषध घ्या, ते यांपैकी एका किंवा अनेक जागी काम करतं.

पण शरीर गप्प बसत नाही. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये दाब जाणणारी केंद्रं असतात. दाब उतरला की ती हृदयाला वेग वाढवायला लावतात. म्हणून वाहिन्या झटकन सैल करणाऱ्या औषधाने बीपी उतरतं आणि त्याच वेळी छाती धडधडते. निफेडिपिन या बीपीच्या औषधाच्या लवकर विरघळणाऱ्या प्रकाराने हे हमखास व्हायचं. उलट बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचं बीपी उतरलं तरी नाडी वाढत नाही, कारण वेग वाढवण्याचा निरोप हृदयापर्यंत पोचतच नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं बरंच सोपं होतं. नाडी आणि बीपी नेहमी जोडीने बघा, एकटा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

पायरी १: यादी करा, आणि ती खरी करा

घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं, बाटल्या, नळ्या टेबलावर मांडा. मनातल्या मनात यादी करू नका, ती हमखास अपुरी राहते. प्रत्येकाचं मूळ औषधाचं नाव लिहा. ब्रँडचं नाव पुरेसं नाही, कारण दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध निघू शकतं, आणि बीपीच्या अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात. नावापुढे मात्रा, घेण्याची वेळ, सुरू केल्याची तारीख आणि मात्रा शेवटची कधी बदलली ती तारीख लिहा. नंतर सगळ्यात उपयोगी पडतात त्या या तारखाच.

यादीत जे राहून जातं ते मुद्दाम सांगतो: डोळ्यांचे आणि नाकाचे थेंब, दम्याचा पंप, त्वचेवर लावायच्या पट्ट्या, गर्भनिरोधक गोळ्या, केसांसाठीचं मिनॉक्सिडिल (हे मुळात रक्तदाबाचं औषध आहे, गोळीच्या रूपात घेत असाल तर नक्की लिहा), आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, “लागली तर घ्या” म्हणून दिलेली वेदनाशामक गोळी, सर्दीची गोळी, आणि काढे-चूर्णं. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर पोटात गेला तर शरीरात मीठ साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम बरंच असतं, हेही बीपीच्या रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही.

पायरी २: नवीन औषधाच्या आधीचा आकडा धरून ठेवा

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे. नवीन औषध सुरू होणार असेल आणि ते लगेच घेणं तातडीचं नसेल, तर पहिली गोळी घेण्याआधी दोन-तीन दिवस नाडी आणि बीपी मोजून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर निदान पहिल्या गोळीच्या आधी एकदा मोजा. वडिलांच्या बाबतीत थेंबांआधीची नाडी लिहिलेली असती, तर ती ६८ वरून ४४ झाली की मुळातच ५० होती, यावर आमचे तीन आठवडे गेले नसते. एखाद्या धावपटूची विश्रांतीतली नाडी ४८ असते आणि ती त्याच्यासाठी अगदी ठीक असते. पुस्तकातला ६० ते १०० हा पल्ला सर्वांसाठी सारखा आहे, तुमचा स्वतःचा पल्ला तुम्हालाच शोधावा लागतो.

पायरी ३: मोजणं

इथे घाई करू नका. चुकीच्या मोजणीवरून औषध वाढवलं जाणं हा खरा धोका आहे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं शांत बसा. दंडावरचं कापड बाजूला करा, पट्टा उघड्या दंडावर बांधा आणि हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकवा. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटाच वर येतो, म्हणून यंत्र घेताना दंडाचा घेर मोजून घ्या. मोजताना बोलू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. “बरा आलेला” आकडा निवडून लिहायचा मोह टाळा.

सकाळी औषध घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर बीपी जास्त मानतात.

नाडी यंत्र दाखवतं, तरी हाताने मोजायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं हलकी ठेवा, ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ठोके अनियमित लागले तर पूर्ण मिनिटभर मोजा. ठोक्यांत कसलाच ताल नसेल तर ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, असू शकतं. अशा वेळी आपोआप चालणाऱ्या यंत्राचा आकडा पक्का धरता येत नाही. “ताल नाही” असं स्पष्ट लिहा आणि ईसीजी काढून घ्या.

आता उभ्याने मोजणं. हे बहुतेक घरांत कुणीच करत नाही, आणि औषधांच्या बाबतीत सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. उठून उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. ते सावरायला वाहिन्या आकसाव्या लागतात आणि नाडी थोडी वाढावी लागते. अनेक औषधं नेमका हाच प्रतिसाद अडवतात. म्हणून पाच मिनिटं पडून किंवा बसून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर हे उभं राहिल्यावर दाब पडणं आहे. वयस्कर माणूस असेल तर शेजारी कुणीतरी हवंच, आणि चक्कर आली तर मोजणी सोडून लगेच बसवा.

पायरी ४: आकडे आणि तारखा समोरासमोर ठेवा

प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहा. औषधाचा परिणाम दिसायला किती वेळ लागतो यात फार फरक असतो. बीपीसाठीच्या प्राझोसिनची पहिली गोळी तासा-दोन तासांत भोवळ आणू शकते, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायला सांगतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांचाही पहिला डोस कधी कधी बीपी अचानक उतरवतो, विशेषतः आधीपासून लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल काही मिनिटांत छाती धडधडवतं, हात थरथरवतं, आणि काही तासांत ते शांत होतं. बीपीचं अॅम्लोडिपिन मात्र सावकाश चढतं. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, आणि एखादी गोळी चुकली तरी लगेच फरक जाणवत नाही.

थायरॉइडच्या गोळीत फसायला होतं. लिव्होथायरॉक्सिन शरीरात अर्धं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे वाढवलेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम पाच-सहा आठवड्यांनी दिसतो. तोपर्यंत मात्रा वाढवल्याचं आपण विसरलेले असतो. मग धडधड, घाम, वजन उतरणं आणि कधी कधी बिघडलेला ताल यांचं खापर ताणावर फुटतं. यादीतल्या तारखा इथे कामी येतात.

पायरी ५: संशयित कोण

नाडी मंद करणारी मुख्य औषधं म्हणजे बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल), डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अॅमिओडॅरोन आणि आयव्हाब्रॅडिन. यांच्याशी नातं नसलेलं, पण नाडी उतरवणारं एक औषध स्मृतिभ्रंशासाठी देतात, ते डोनेपेझिल. ते घेणारी व्यक्ती अचानक कोसळली तर नाडी जरूर बघा. बीटा ब्लॉकरबद्दल मधुमेहींसाठी एक सूचना: रक्तातली साखर उतरली की जी धडधड आणि थरथर सावध करते, ती हे औषध झाकून टाकतं. घाम मात्र येतो, म्हणून अचानक घाम फुटला तर आधी साखर तपासा.

नाडी वाढवणारी औषधं: साल्ब्युटामॉल, जास्त झालेलं लिव्होथायरॉक्सिन, एकाग्रतेसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट, नसांच्या दुखण्यासाठी आणि झोपेसाठी दिलं जाणारं अॅमिट्रिप्टिलिन, मनोविकारांसाठीचं क्लोझापिन. मधुमेह-वजनासाठीची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही विश्रांतीतली नाडी काही ठोक्यांनी वाढवतात.

बीपी चढवणाऱ्यांत पहिला मान वेदनाशामक गोळ्यांचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब. ही औषधं मूत्रपिंडात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि वर बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा जोर कमी करतात. गुडघेदुखीने रोज अशी गोळी घेणाऱ्याचं बीपी “तीन औषधांनीही आटोक्यात येत नाही” असं होतं आणि चौथं औषध सुरू होतं. चौथ्याआधी वेदनाशामकाबद्दल विचारा, एवढीच विनंती. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, व्हेन्लाफॅक्सिन (मात्रा वाढेल तसं), प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस, आणि सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन व फिनाइलएफ्रिन हीही याच गटात येतात.

बीपी उतरवणारी पण बीपीसाठी न दिलेली औषधं: प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, पार्किन्सनसाठी लेव्होडोपा, मनोविकारांसाठी क्वेटियापिन, छातीदुखीसाठीचे नायट्रेट, पुरुषांमधल्या ताठरतेच्या तक्रारीसाठी सिल्डेनाफिल, मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन. रात्री लघवीला उठताना पडलेल्या वयस्कर माणसाच्या यादीत यांतलं एखादं अनेकदा सापडतं.

आणखी एक साखळी सांगतो, कारण ती फार जणांच्या वाट्याला येते. अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते. ती शरीरात पाणी जास्त झाल्याने येत नाही. लहान रोहिण्या सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं, म्हणून येते. तरी सूज दिसली की लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. सूज फारशी हटत नाही, पण पोटॅशियम घटतं, पायात पेटके येतात, ठोके चुकायला लागतात, उभं राहिलं की चक्कर येते. मग चक्करेची गोळी येते. सुरुवातीला अॅम्लोडिपिनची मात्रा कमी केली असती किंवा औषध बदललं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून नवीन लक्षण दिसलं की डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: हे आधीच्या औषधामुळे असेल का?

पायरी ६: जोड्या तपासा

काही औषधं एकेकटी साधी, पण एकत्र आली की धोक्याची. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम एकत्र आले तर नाडी फार उतरू शकते. वडिलांच्या बाबतीतली गोळी आणि थेंब हीदेखील अशीच जोडी. नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतलं तर बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळू शकतं. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट चालत नाही. छातीत दुखून रुग्णालयात गेलात तर लाज न बाळगता हे आधी सांगा.

रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक हे तीन एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो. जुलाब-उलट्या होत असतील तर जास्तच. अशा दिवशी बीपीच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांचं यकृतात होणारं विघटन अडवतं, त्यामुळे नेहमीचीच गोळी जास्त झाल्यासारखी वागते आणि बीपी पडतं. तेच औषध, तसंच अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डॉम्पेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन, सिटालोप्राम, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ईसीजीतलं क्यूटी अंतर (एका ठोक्याची विद्युत हालचाल सुरू होऊन संपायला लागणारा वेळ) लांबवू शकतात. यांतली दोन एकत्र आली किंवा पोटॅशियम कमी असलं, तर तालाचा गंभीर बिघाड होऊ शकतो. हे नाडी मोजून कळत नाही, त्यासाठी ईसीजीच लागतो.

पायरी ७: मनाने बंद करू नका

संशयित सापडला की हात आपोआप ते पाकीट बाजूला ठेवायला जातो. तो आवरा. बीटा ब्लॉकर एकाएकी बंद केलं तर नाडी उसळते, आणि हृदयविकार असलेल्याला छातीदुखी किंवा झटका येऊ शकतो. बीपीचं क्लोनिडिन अचानक सोडलं तर एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर जातं. लांब काळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर उलट बीपी कोसळू शकतं. ही औषधं हळूहळू कमी करावी लागतात, आणि त्याचं वेळापत्रक डॉक्टरच देतात. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

आकडा जास्त आला म्हणून जादा गोळीही घेऊ नका. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. बीपी इतकं झपाट्याने पडायचं की पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आले, म्हणून ती सोडून दिली. घरात अजून कुणी तो सल्ला देत असेल तर ऐकू नका.

डोळ्यांच्या थेंबांसाठी मात्र आजपासून करता येईल असं काही आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाबून धरा. औषध डोळ्यात राहतं आणि नाकातून रक्तात जाणारा वाटा कमी होतो.

थांबायची वेळ नसते तेव्हा

बीपी १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, दृष्टी धूसर होणं किंवा गोंधळल्यासारखं होणं यांतलं काहीही असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. नाहीतर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. नाडी ४० च्या खाली गेली, किंवा ५० च्या खाली असून चक्कर, शुद्ध हरपणं किंवा दम आहे, तर तातडीने दाखवा. विश्रांतीत १२० च्या वर नाडी टिकून राहिली, तरीही तेच. डिगॉक्सिन घेणाऱ्याला मळमळ, भूक जाणं, सगळं पिवळसर दिसणं आणि मंद किंवा अनियमित नाडी असा संच दिसला, तर औषध अंगात जास्त झालं असण्याची शक्यता असते.

डॉक्टरांकडे जाताना

यादीचा कागद, सात दिवसांचे बसून आणि उभ्याने घेतलेले आकडे, आणि तुमचं बीपीचं यंत्र हे सगळं घेऊन जा. तिथल्या यंत्राशी तुमचं यंत्र एकदा ताडून घ्या. “चक्कर येते” एवढंच न सांगता “सकाळी आठची गोळी घेतल्यावर साधारण दहाला, उभं राहिलं की वरचा आकडा १२८ वरून १०२ वर येतो” असं सांगा. यावर औषधाची वेळ बदलणं, मात्रा विभागणं, दुसऱ्या गटातलं औषध देणं, किंवा रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि ईसीजी तपासणं, यांतलं काय करायचं ते ठरवता येतं. एकापेक्षा जास्त डॉक्टर असतील तर प्रत्येकाला तीच यादी दाखवा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी बघितली नव्हती आणि बीपीच्या डॉक्टरांनी थेंब, एवढंच आमच्याकडे घडलं होतं.

बदल झाल्यावर नोंदी पुन्हा दोन आठवडे चालू ठेवा. वडिलांचे थेंब बीटा ब्लॉकर नसलेल्या दुसऱ्या औषधावर बदलले. चौथ्या दिवशी सकाळी नाडी ५६ होती, दहाव्या दिवशी ६४. त्यांच्या औषधांच्या यादीत थेंबांचं नाव आता सगळ्यात वर लिहिलेलं असतं.